चकार शब्द

त्या बुधवारी सकाळी बाईंच्या टेबलावर दोन लिफाफे आले, आणि दोन्हींच्या पोटात एकच वाक्य होते.

पहिला लिफाफा टपालाने आला. जाड, मलईच्या रंगाचा, कडेने सोनेरी रेघ असलेला. ज्या तत्त्वज्ञान विभागात बाईंनी छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले, त्याच्या नव्या व्याख्यानगृहाला त्यांचे नाव द्यावयाचे ठरले होते. निमंत्रणासोबत दारावर बसवावयाच्या पितळी पाटीचा नमुना होता. वर बाईंचे नाव, आणि त्याखाली त्यांचे ते सर्वांच्या मुखी झालेले वाक्य: ‘पुरावा निःसंशय असेल, तर निष्कर्ष मानावाच.’

दुसरा लिफाफा भाच्याने आणला. त्याने तो ठेवला नाही, आपटला. बशीतला चमचा उडून खाली पडला.

“वाच,” तो म्हणाला. “तिसरं पान. मोठ्यानं वाच, म्हणजे आत आईलाही ऐकू जाईल.”

भाचा म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. वय पंचेचाळीस. त्याच विद्यापीठाच्या रसायनशाळेत तो बावीस वर्षे काचकाम करीत होता. ज्योतीवर काच फिरवून, तोंडाने फुंकून तो नळ्या, चंबू आणि आतली हवा काढून घेता येईल अशी निर्वातपात्रे घडवीत असे. तीन महिन्यांपूर्वी प्रयोग चालू असता असे एक निर्वातपात्र फुटले, आणि एका संशोधक मुलीच्या उजव्या डोळ्यात काच गेली. डोळा वाचला, दृष्टी निम्मी गेली. चौकशी समिती बसली. तिचा अहवाल त्या लिफाफ्यात होता.

बाईंनी चष्मा लावला आणि वाचले: ‘अपघातानंतर मिळालेल्या तुकड्यावरील सांधा सदोष आढळला. पुरावा उपलब्ध असल्यामुळे, “पुरावा निःसंशय असेल, तर निष्कर्ष मानावाच” या सर्वमान्य तत्त्वानुसार काचकारागीर दोषी असल्याचा निष्कर्ष मानणे समितीस बंधनकारक आहे.’

“बंधनकारक!” भाच्याचा आवाज फाटला. “मी म्हटलं, अहो, तो तुकडा माझ्या पात्राचा कशावरून? तर तुझा तो पट्टशिष्य, समितीचा अध्यक्ष, हसून म्हणतो कसा, ‘हे तुमच्या मावशींचंच तत्त्व आहे, घरी विचारा.’ म्हणून विचारायला आलोय. सुरी घरातूनच दिलीस ना मावशी?”

“तोंड सांभाळ,” आतून बहीण म्हणाली. पदराला हात पुसत ती बाहेर आली. दवाखान्याच्या औषधखिडकीत तिने चाळीस वर्षे उभ्याने काढली होती. बसून बोलणे तिला ठाऊक नव्हते. “मोठी मावशी आहे ती.”

“मोठी आहे म्हणून तर विचारतोय. शुक्रवारी शिक्कामोर्तब आहे. ते झालं की माझा ज्योतीवर काम करायचा परवाना जाईल. इथला नाही, सगळीकडचा. मग काय करू? खिडक्यांना तावदानं बसवत फिरू?”

बाई अहवालाकडे पाहत राहिल्या.

“ताई, बोल की,” बहीण म्हणाली. “तुझं वाक्य आहे ना ते?”

“ते माझं वाक्य नाही,” बाई म्हणाल्या.

भाचा हसला. त्या हसण्यात ओलावा नव्हता. “वा! पाटीवर नाव तुझं, पुस्तकावर नाव तुझं, आणि वाक्य शेजाऱ्याचं?”

“शब्द माझे आहेत. ‘च’ माझा नाही.”

हे उत्तर त्या दोघांना वेडगळ वाटले असल्यास नवल नाही. परंतु ज्यांनी बाईंचा एक तरी तास ऐकला होता, त्यांना त्यात त्यांच्या उभ्या आयुष्याचे सार दिसले असते. बाईंनी आपले सारे संशोधन एका अक्षराच्या पायाशी वाहिले होते. भाषेतला हा ‘च’, ज्याला संस्कृतज्ञ एवकार म्हणतात, तो वाक्यात जेथे बसतो तेथून आपली सीमा आखतो. तो एक घर सरकला की सत्य एक घर सरकते, हे त्यांनी आयुष्यभर सिद्ध केले. पहिल्या दिवशी नव्या विद्यार्थ्यांसमोर त्या फळ्यावर तीन वाक्ये लिहीत. ‘किल्ली मीच खिशात ठेवली. किल्ली मी खिशातच ठेवली. किल्ली मी खिशात ठेवलीच.’ मग विचारीत, “पहिल्या वाक्यानं कुणाला बाहेर काढलं?” कोणी चाचरत म्हणे, “इतर माणसांना.” “दुसऱ्यानं?” “इतर जागांना.” “आणि तिसऱ्यानं?” येथे बहुतेक वेळा वर्ग गप्प होई, आणि बाई स्वतः सांगत, “शंकेला. आता घरी जा, आणि दिवसभरात किती वेळा निष्कारण ‘च’ लावता ते मोजा. लाज वाटली तरच उद्या या.”

विद्यार्थी पाठीमागे त्यांना चकारबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होते आणि आवडतही होते.

तेहतीस वर्षांपूर्वी त्यांचा ग्रंथ निघाला. मनुष्याने एखादी गोष्ट ठरली असे केव्हा म्हणावे, एवढाच त्याचा विषय. साडेतीनशे पानांची सारी बांधणी ज्या एका वाक्यावर उभी होती, ते बाईंनी असे लिहिले होते: ‘पुरावा निःसंशय असेल, तरच निष्कर्ष मानावा.’ करड्या वेष्टनातल्या त्या ग्रंथाच्या तीनशे प्रती छापल्या. एकाही नियतकालिकाने दखल घेतली नाही. दोन वर्षांनी त्यांच्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याने, वय वर्षे सव्वीस, स्वतः खपून दुसरी आवृत्ती सिद्ध केली. नवा टाइप, नवे वेष्टन, आणि मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ते वाक्य. त्यातला ‘च’ मात्र ‘तर’पासून सुटून वाक्याच्या टोकाला जाऊन बसला होता.

आणि ते वाक्य वणव्यासारखे पसरले. वैद्यक मंडळाने ते आपल्या नियमावलीत घेतले. शिस्तपालन समित्यांनी घेतले. वक्त्यांनी टाळ्यांसाठी घेतले. बाईंना दूरदूरच्या विद्यापीठांतून बोलावणी आली. ज्या स्त्रीचा ग्रंथ कोणी उघडला नव्हता, तिचे वाक्य न उघडताच सर्वांना पाठ झाले.

“थांब,” बहीण म्हणाली. बाई हे सारे तुटक तुटक सांगत होत्या, आणि ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. “मला माझ्या भाषेत कळू दे. मी पुडीवर लिहायची, ‘दुखलं तरच घ्या.’ त्या जागी कुणी लिहिलं, ‘दुखलं तर घ्याच’...”

“हो. तसंच.”

“ताई, एवढ्यानं माणूस जातो! पहिल्यात न दुखणारा वाचतो. दुसऱ्यात न दुखणाऱ्यानं घ्यावं की नाही, ते पुडी सांगतच नाही. तो खुशाल मूठभर गिळेल.”

“बरोबर.”

“मग तू त्याच दिवशी त्या पोराचा कान का नाही धरलास?”

बाई उठल्या. भिंतीशी पुस्तकांच्या कपाटाला जोडलेला एक खण होता. तो किल्लीने उघडून त्यांनी तळातून एक पिवळा पडलेला कागद काढला. मुद्रणालयाने तपासणीसाठी पाठवलेले ते मुद्रित होते. वर ‘शुद्धिपत्र’ असा मथळा, खाली एकच नोंद: ‘पृष्ठ ४१ व मुखपृष्ठ. “तर निष्कर्ष मानावाच” याऐवजी “तरच निष्कर्ष मानावा” असे वाचावे.’ त्याखाली मुद्रणालयाचा जांभळा शिक्का, दुसऱ्या आवृत्तीनंतर पाच आठवड्यांची तारीख, आणि ‘छापण्यास मंजूर’ या शब्दांपुढे सहीसाठी सोडलेली रिकामी रेघ.

“छपाईसाठी जुळवून घेतलं होतं मी,” बाई म्हणाल्या. “सही करून परत पाठवायचं बाकी होतं. त्याच आठवड्यात वैद्यक मंडळाचं पत्र आलं. ‘आपल्या वाक्यानं आमचे डोळे उघडले.’ मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत करू. मग व्याख्यानाचं बोलावणं आलं. मग दुसरं.”

भाच्याने कागद हातात घेऊन तारीख पाहिली.

“एकतीस वर्षं,” तो म्हणाला. “एकतीस वर्षं तुला ठाऊक होतं. आणि तू चकार शब्द काढला नाहीस.”

त्याने तो वाक्प्रचार सहज वापरला होता. पण चकारबाईंना तो सहज लागला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. हाच तो शिष्य. आता केस पिकलेले, समितीचे अध्यक्षपद, खिडकीत कुंड्या, भिंतीवर बाईंसोबतचे छायाचित्र. तो लगबगीने उठला, खुर्ची पुढे केली.

“बाई, तुम्ही कशाला जिना चढलात? मी आलो असतो. पाटी कशी वाटली?”

“चुकलेली,” बाई म्हणाल्या, आणि बसल्या नाहीत. “तो ‘च’ तू का हलवलास?”

त्याला आठवायला वेळ लागला. खरोखरच लागला, आणि त्यामुळे बाईंचा राग अधिक चढला. चोराने चोरी आठवू नये याहून मोठा अपमान कोणता?

“अहो बाई, वाक्याचा शेवट लुळा पडत होता,” तो अखेर म्हणाला. “‘मानावा.’ म्हणजे काय, विनंती आहे की काय? ‘मानावाच’ म्हटलं की कसं ठणठणीत वाजतं. अर्थ तोच तर राहतो.”

“अर्थ तोच राहतो?”

“म्हणजे... साधारण.”

“साधारण!” बाईंनी त्याच्या टेबलावर तळहात मारला, कुंडीतली पाने हलली. “अरे, माझ्या वर्गात चार वर्षं बसलास तू! ‘तरच’ हा दारावरचा पहारेकरी होता. संशय घेऊन आलेल्या निष्कर्षाला तो आत सोडत नव्हता. तू त्याला दारावरून उचललास आणि आत नेऊन त्याच्या हाती चाबूक दिलास. आता दारात कोणी नाही, आणि आत फटके चालू आहेत. लबाडीनं केलं असतंस तर मला एवढा संताप आला नसता. लबाडाला निदान दोन वाक्यांतला फरक कळलेला असतो. तू तालासाठी केलंस!”

तो लाल झाला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ती नम्रता आली, जिच्यामागे माणसे हत्यार ठेवतात.

“बाई, रागावणार नसाल तर बोलतो. तुमचं ‘तरच’ कुणी वाचलं होतं? तीनशे प्रती. त्यातल्या दोनशे दहा माळ्यावर उंदरांनी वाचल्या. तो ‘च’ मी हलवला, म्हणून तुम्ही तुम्ही झालात. आणि एकतीस वर्षांत तुम्ही एकदा तरी म्हणालात का, की हे चुकलंय? मी समजलो, बाईंना आवडलं.”

त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

“आता अचानक आठवलं,” तो पुढे म्हणाला, “कारण आता भाचा अडकलाय. लोक काय म्हणतील सांगू? म्हणतील, भाच्यासाठी मावशीनं व्याकरण फिरवलं. पुढच्या आठवड्यात समारंभ आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. माझं ऐका.”

“शुक्रवारी किती वाजता आहे तुमची बैठक?”

“बाई...”

“किती वाजता, अध्यक्षमहाराज?”

‘अरे’चे ‘महाराज’ झालेले ऐकून त्याने मान खाली घातली. “अकरा,” तो म्हणाला.

घरी परतल्यावर बहीण म्हणाली, “म्हणजे हात दाखवून अवलक्षणच. तू तो कागद दाखवलास, तर लोक त्या शिष्याला नाही, तुला हसतील. त्याला चूक कळली नव्हती. तुला कळली होती.”

“ते मला ठाऊक आहे.”

“आणि नाही दाखवलास, तर माझं पोर जाईल.”

“तेही ठाऊक आहे. तू मला दोन्ही बाजू समजावून सांगू नकोस, मी त्यावरच पोट भरलंय!” बाई इतक्या जोराने ओरडल्या की बहिणीने हातातले भांडे खाली ठेवले. बाई कधी ओरडत नसत. मग बहीण म्हणाली, “ओरड. एकतीस वर्षांचं साठलंय. पण शुक्रवारी तिथे ओरड, माझ्यावर नको.”

शुक्रवारी अकरा वाजता समितीच्या खोलीत लांब टेबलामागे तिघे बसले होते. मध्ये अध्यक्ष. उजवीकडे रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, ज्यांच्या प्रयोगशाळेत अपघात झाला. डावीकडे प्रशासनाचे एक अधिकारी, जे बहुमत कोणीकडे आहे ते पाहून आपले मत बनवीत. टेबलाच्या टोकाला इतिवृत्त लिहिणारा लेखनिक. समोरच्या खुर्चीत भाचा. तो बाईंकडे पाहत नव्हता. बुधवारपासून तो त्यांच्याशी बोलला नव्हता.

टेबलावर कागदी पाकिटातून काढलेला काचेचा तुकडा ठेवला होता. कांद्याच्या पाकळीएवढा, एका कडेला धुरकट रेघ.

“मला तीन प्रश्न विचारायचे आहेत,” बाई म्हणाल्या. “मग मी माझ्याविषयी बोलेन.” त्या प्राध्यापिकांकडे वळल्या. “हा तुकडा कुठे मिळाला?”

“त्याच खोलीत.”

“त्याच खोलीत म्हणजे जमिनीवर?”

“नाही... सफाईनंतर फुटक्या काचेच्या पेटीतून काढला. मुलीला घेऊन सगळे दवाखान्यात धावलो होतो. आम्ही यायच्या आत झाडून झालं होतं.”

“त्या पेटीत त्या दिवशीचीच काच होती?”

प्राध्यापिकांनी तुकड्याकडे पाहिले. “पेटी पंधरवड्यानं रिकामी होते,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे पंधरा दिवसांत फुटलेलं काहीही.”

“मी तेच सांगतोय पहिल्या दिवसापासून!” भाचा उसळला. “मी प्रत्येक पात्राच्या गळ्यापाशी खूण कोरतो. गळ्याचा तुकडा शोधा म्हटलं, तर कुणी शोधला नाही. आणि बाहेरून आणलेली पात्रंही तिथेच वापरतात. मॅडम, तुम्हाला ठाऊक आहे ते.”

“ठाऊक आहे,” प्राध्यापिका म्हणाल्या. त्यांनी तुकडा उचलून उजेडाकडे धरला, आणि परत ठेवताना तो पूर्वीपेक्षा हळू ठेवला. “खरं सांगायचं तर, थोडा संशय आहे.”

“तिसरा प्रश्न,” बाई म्हणाल्या. “थोडा संशय असेल तेव्हा काय करावं, हे तुमच्या अहवालातलं वाक्य सांगतं का?”

अध्यक्षांनी अहवाल उलटला. अधिकाऱ्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. उत्तर आले ते लेखनिकाकडून. “नाही बाई,” तो म्हणाला. “ते वाक्य निःसंशय असेल तेव्हाचंच सांगतं. संशय असेल तेव्हा ते गप्प आहे.” आणि आपण बोललो याने स्वतःच दचकून त्याने लेखणीचे टोपण बंद केले.

“बावीस वर्षांची नोकरी एका मुक्या वाक्यावर टांगलीत तुम्ही!” बाईंचा आवाज आता चढला, आणि त्यांनी तो चढू दिला. “विद्यापीठात बसून! मुलीचा डोळा अधू झाला, म्हणून कोणीतरी दोषी हवा, म्हणून जवळचा मिळाला तो धरला, आणि वरून माझं नाव चिकटवलं. माझं वाक्य असं नव्हतं. ‘पुरावा निःसंशय असेल, तरच निष्कर्ष मानावा’, असं होतं.”

अध्यक्ष खाकरले. “बाई, पहिल्या आवृत्तीत तसं होतं, हे मी नाकारत नाही. पण दुसऱ्या आवृत्तीला तुमची प्रस्तावना आहे. त्यात तुम्ही लिहिलंय, ‘काही किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.’ ही त्यांपैकीच एक नाही, आणि आज नात्यापोटी तुम्ही मागे जात नाही, याला पुरावा काय?”

प्रश्न रास्त होता. बाईंनी तो वर्गात विचारला असता, तर शाबासकी दिली असती. त्यांनी पिशवीतून पिवळा कागद काढून टेबलावर सरकवला.

“शिक्क्याची तारीख वाचा. तेव्हा हा मुलगा चौदा वर्षांचा होता आणि त्याला काच फक्त फोडता येत होती.”

अध्यक्षांनी कागद वाचला. दोनदा वाचला. मग ते फार हळू आवाजात म्हणाले, “बाई, यावर सही नाही. सही नसलेला कागद पुरावा होत नाही.”

“सही नाही, हाच पुरावा आहे,” बाई म्हणाल्या. “माझ्याविरुद्धचा. चूक मला पाच आठवड्यांत कळली. शुद्धिपत्र मी छपाईसाठी जुळवून घेतलं. आणि मग मला मोठेपणा मिळायला लागला, म्हणून मी सही केली नाही. त्यानंतर किती समित्यांनी ते वाक्य किती माणसांवर चालवलं, मला ठाऊक नाही. आधी मला विचारायचं धैर्य झालं नाही. मग मोजायचं धैर्य झालं नाही. हा माझा भाचा म्हणून मी आज आले, हे खरं आहे. दुसरं कुणी असतं तर आले असते का? मला ठाऊक नाही. हेही लिहून घ्या.”

बाईंनी कागद पुन्हा जवळ ओढला, लेखनिकापुढे हात केला, त्याची लेखणी घेतली, आणि ‘छापण्यास मंजूर’ या शब्दांपुढच्या रिकाम्या रेघेवर सही केली. खाली त्या दिवसाची तारीख घातली. एकतीस वर्षांपूर्वीच्या शिक्क्याशेजारी ती ओली शाई फार काळी दिसत होती.

“माझी संमती मी मागे घेते,” रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका म्हणाल्या. अधिकाऱ्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि आपलीही घेतली. अध्यक्षांनी शाईकडे पाहून सांगितले, “निष्कर्ष मानता येत नाही. परवान्याला बाध नाही.”

“म्हणजे मी निर्दोष,” भाचा उभा राहत म्हणाला.

“नाही,” बाई म्हणाल्या.

तो गर्रकन वळला. “काय?”

“निर्दोष असल्याचाही निःसंशय पुरावा नाही. गळ्याचा तुकडा मिळाला असता, तर कळलं असतं. आता कधीच कळणार नाही. तू कामावर जाशील. पण तुझी चूक नव्हती, असं मी म्हणू शकत नाही.”

“आत्ता तरी म्हणायचंस!” तो गरजला. “एक वाक्य! माझ्यासाठी! एकतीस वर्षं जगाला खोटं चालवून घेतलंस, आणि माझ्या वेळेला तुझा ‘च’ आठवला?”

याला तर्कात उत्तर होते, परंतु समोर उभ्या असलेल्या मनुष्यापुढे ते ठेवण्याची लाज बाईंना प्रथमच वाटली. भाच्याने टोपी उचलली. दाराशी तो थांबला, गेला मात्र नाही. पाठमोरा उभा राहिला.

“इतिवृत्त वाचा,” अध्यक्ष म्हणाले. त्यांना बैठक संपवावयाची होती.

लेखनिकाने वाचले. पुरावा, पेटी, संशय, निर्णय. शेवटच्या परिच्छेदाशी तो अडखळला. “‘दुसऱ्या आवृत्तीत “च” हलविण्याची चूक संपादकाने अजाणता केली. ती चूक बाईंनीच लपवून ठेवली.’”

“‘बाईंनीच’ कशाला?” अध्यक्ष घाईने म्हणाले. एकतीस वर्षांची भक्ती त्यांच्या स्वरात एकदम वर आली. “नुसतं ‘बाईंनी’ लिही. तो ‘च’ खोड.”

लेखनिकाने लेखणी उचलली.

“थांब,” बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले, जसे त्या वर्गात विद्यार्थ्याचे वाक्य तपासताना मिटीत. संपादकाला चूक कळलीच नव्हती. मुद्रणालय शुद्धिपत्र पाठवून विसरून गेले. बहिणीला आणि भाच्याला बुधवारी कळले. वाचकांना कधीच नाही. लपविण्यासाठी आधी ठाऊक असावे लागते. आणि ठाऊक असलेले दुसरे कोणी त्यांनी मनात पुष्कळ शोधले. कोणी सापडले नाही.

त्यांनी डोळे उघडले.

“खोडू नकोस,” त्या लेखनिकाला म्हणाल्या. “तो जागेवर आहे.”